कानस न धरलेली बॅच: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

२०२०-२१ या वर्षी मी एका कॉलेजात मेकॅनिकल विभागाची प्रमुख होते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेज बंद झालं तेव्हा फिटिंग शॉपमधल्या व्हाइसमध्ये, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या पकडीत, मुलांचे अर्धवट जॉब (सरावासाठी घासायचे लोखंडी तुकडे) तसेच आवळलेले राहिले. कित्येक महिन्यांनी काढले तेव्हा त्यांच्यावर गंज चढला होता. त्या वर्षाबद्दल आजही प्रश्न येतात. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न: मॅडम, मी २०२० ची सीईटी देऊन मेकॅनिकलला आलो. पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण घरून झालं. वर्कशॉपचे मार्क मिळाले, पण कानस कधी हातात धरली नाही. आता चाकणला नोकरी करतो. मी काढलेलं ड्रॉइंग बघून ऑपरेटर हसतात. आमची डिग्री कच्ची आहे का?

डिग्री कच्ची नाही. पण तुमचं काहीतरी राहून गेलंय हे खरं आहे, आणि तसं म्हणायला लाजू नका. तुमची सीईटीच ऑक्टोबर २०२० मध्ये झाली. प्रवेश लांबले आणि बहुतेक ठिकाणी वर्ग सुरू व्हायला २०२१ साल उजाडलं. यात तुमचा काय दोष?

आता काय राहिलं ते सांगते. फिटिंगच्या जॉबमध्ये लोखंडी पट्टीच्या दोन बाजू काटकोनात आणायच्या असतात. तासभर कानस चालवून काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि उजेडासमोर धरायचं, की फटीतून उजेड दिसतोच. पुन्हा घासायचं. आता दुसऱ्या टोकाला फट. दोन दिवस खांदे दुखले की मुलाला कळतं, सपाट पृष्ठभाग फुकट मिळत नाही. ज्याला हे कळलंय तो ड्रॉइंगवर उगाच ०.०१ मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहीत नाही. ऑपरेटर हसतात ते बहुधा त्या आकड्याला. तो आकडा पाळताना त्यांचा जीव जातो.

तुमच्या टूलरूममधल्या सगळ्यात जुन्या फिटरकाकांकडे जा. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास मागा. एम.एस.चा (माइल्ड स्टील, साधं पोलाद) साधारण ५० मिमीचा तुकडा घेऊन दोन कडा काटकोनात आणा. मग एकच शाफ्ट मायक्रोमीटरने दहा वेळा मोजा आणि दहाही वाचनं लिहून ठेवा. ती एकसारखी येणार नाहीत. आपल्या हाताची चूक किती, हे स्वतःच्या वहीत दिसेल. "काका, मला शिकवा" म्हणणाऱ्या इंजिनिअरला हसणारा कामगार मी तीस वर्षांत पाहिलेला नाही.

प्रश्न: मी तरुण प्राध्यापिका आहे. उद्या पुन्हा कॉलेज बंद ठेवायची वेळ आली तर प्रात्यक्षिकं कशी घ्यायची? त्या वर्षी तुमच्या विभागात नेमकं काय जमलं?

बरंच फसलं. त्यातून जमलेलं तेवढं सांगते.

आधी आम्ही व्हर्च्युअल लॅबकडे धावलो. केंद्र सरकारचा हा चांगला प्रकल्प आहे, आयआयटी आणि इतर संस्थांनी मिळून उभा केलेला. प्रयोगाची तोंडओळख करून द्यायला तो उत्तम. पण स्क्रीनवरचा प्रयोग फार शहाण्यासारखा वागतो. बटण दाबलं की गुळगुळीत आलेख हजर. खऱ्या लॅबमध्ये बेअरिंग कुरकुरतं, काटा अडकतो, वाचन चुकतं आणि का चुकलं हे शोधण्यातच शिक्षण होतं.

म्हणून आमच्या लॅब असिस्टंटनी रिकाम्या लॅबमध्ये एकट्याने तणाव चाचणीचं, म्हणजे धातूचा नमुना तुटेपर्यंत ओढण्याचं, चित्रीकरण केलं. नमुना यंत्रात लावला की भार चढत जातो, यील्डपाशी (धातू कायमचा ताणला जायला लागतो तिथे) काटा थबकतो, किंचित मागे येतो, पुन्हा चढतो. मग नमुना मध्येच बारीक होतो आणि धाडकन तुटतो. आम्ही व्हिडिओत काटछाट केली नाही. मुलांना तयार तक्ता दिला नाही, व्हिडिओ थांबवून वाचनं त्यांनीच घ्यायची. चुकीचं लागलेलं एक वाचनही मुद्दाम तसंच ठेवलं. ते कोण पकडतं हाच व्हायवाचा पहिला प्रश्न. याचा फायदा झाला. पण तुटलेलं टोक लगेच हातात घेतलं तर कोमट लागतं, धातू ओढायला खर्ची पडलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते, हे कुठल्याच व्हिडिओतून हाताला कळत नाही. जिथे असं काही राहतं तो प्रयोग 'झाला' असा शेरा जर्नलमध्ये मारू नका. 'बाकी' लिहा.

सगळ्यात चांगलं चाललं ते घरी करता येणारं मोजमाप. दोरी, कुलूप आणि फोनचं घड्याळ घेऊन लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचं. शाळेतला प्रयोग म्हणून मुलं आधी नाकं मुरडत होती. मी विचारलं, चूक किती ते सांगा. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका फेरीला साधारण २ सेकंद लागतात. बटण दाबताना ०.२ सेकंदांची गडबड झाली तर वेळेत १० टक्के चूक, आणि वेळेचा वर्ग होत असल्याने उत्तरात जवळपास २० टक्के. तीच गडबड २० फेऱ्यांच्या ४० सेकंदांत वाटली गेली की वेळेतली चूक अर्धा टक्का, उत्तरातली एक टक्का. एका मुलीने रात्री साडेअकराला मेसेज केला होता, "मॅडम, आता कळलं वीस वेळा का मोजायचं." ती बारावीपर्यंत हा प्रयोग तीनदा 'लिहून' आली होती.

त्यापुढची गोष्ट, हातात येईल तेवढा वेळ फक्त लॅबला द्या. १५ फेब्रुवारी २०२१ पासून राज्यात ५० टक्के उपस्थितीत कॉलेजं उघडायला परवानगी मिळाली. त्या वेळी मी एकही थिअरी लेक्चर वर्गात घेऊ दिलं नाही. लहान लहान तुकड्या बोलावल्या आणि सकाळ-संध्याकाळ प्रात्यक्षिकं घेतली. दुसरी लाट आली आणि तेही लवकरच बंद पडलं. पण ज्यांचं झालं त्यांचं पक्कं झालं.

प्रश्न: मी २०२० ला पास झालो. अजूनही इंटरव्ह्यूत "कोरोना बॅच का?" असं विचारतात. आमच्या परीक्षेला काही अर्थ होता का?

होता. राज्य सरकारचा कल अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याकडे होता. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ६ जुलैच्या सूचनांत ती सप्टेंबरअखेर घ्यायला सांगितली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला: परीक्षेविना पदवी देता येणार नाही, मुदत हवी तर राज्यांनी यूजीसीकडे मागावी. इतकी टांगती तलवार डोक्यावर घेऊन तुम्ही ऑक्टोबरात परीक्षेला बसलात. बहुपर्यायी प्रश्नांतून डिझाइन येतं की नाही हे कळत नाही, हे मला मान्य आहे आणि तेव्हाही मी तसं लेखी कळवलं होतं. तुम्ही इंटरव्ह्यूला तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन जा आणि "यातलं काहीही विचारा" म्हणा.

प्रश्न: लॅब बंद होती, तरी मुलीची पूर्ण फी घेतली. हे योग्य होतं का? (एक पालक)

लॅब आणि जिमखान्याच्या नावाने घेतलेले पैसे त्या काळापुरते परत करायला किंवा पुढे वळते करायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवण्याच्या फीबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये फीसाठी तगादा लावू नका आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवू नका, असं तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईने एप्रिल २०२० मध्येच कॉलेजांना बजावलं होतं. तरी माझ्या ओळखीच्या कित्येकांनी अर्ध्या पगारावर शिकवलं.

प्रश्न: आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. लॉकडाऊनमध्येच निसर्ग वादळ आलं, खांब पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. ऑनलाइन तासांची हजेरी बुडाली. अशा मुलांचा विचार विभाग करतो का?

करायलाच हवा, आणि सुरुवातीला आम्हीही केला नाही. ३ जूनला वादळ किनाऱ्यावर आलं आणि रायगडातली आमची मुलं एकाएकी यादीतून दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे आम्ही फोन हातात घेऊन एकेका घरी विचारायला लागलो: फोन किती, भावंडं किती, रेंज कुठे येते, चार्जिंग कुठे करता. हे मार्चमध्येच विचारायला हवं होतं.

त्यानंतर हजेरी थेट तासावरून काढून सोडवलेल्या गणितांवर नेली. तासाचा आवाज तेवढा वेगळा करून पाठवला. ३२ केबीपीएस इतक्या हलक्या दर्जाला तासाभराचा ऑडिओ साडेचौदा एमबीच्या आत बसतो, टेकडीवर जाऊनही उतरवून घेता येतो. फळ्याचे फोटो वेगळे दिले. ज्यांच्याकडे तेही पोचत नव्हतं त्यांना नोट्स छापून टपालाने पाठवल्या. ऑगस्टात एका मुलाचं पाकीट परत आलं. कागद ओल धरून फुगलेले, आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची अकरा गणितं पेन्सिलीने सोडवलेली. शिअर फोर्सच्या आकृत्या पट्टीशिवाय काढलेल्या, पण चिन्हं सगळी बरोबर. तपासून आम्ही ती टपालानेच परत पाठवली, सोबत एक पट्टी घालून.