स्टार ट्रेकच्या मूळ मालिकेचा शेवट इतका अचानक का होतो?

तुम्ही विचारलंय की या अमेरिकन अंतराळ-मालिकेचे ७९ भाग पाहून झाले, पण ना कुणी कुणाचा निरोप घेतला, ना त्यांचं अंतराळजहाज एंटरप्राइझ पृथ्वीवर परतलं. एखादा भाग पाहायचा राहिला का? नाही, काही राहिलेलं नाही. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यादी पुन्हा तपासली होती.

'टर्नअबाउट इंट्रूडर' हा शेवटचा भाग आहे खरा, पण तो शेवट म्हणून कुणी लिहिलाच नव्हता. जानेवारी १९६९ मध्ये त्याचं चित्रीकरण संपलं आणि मग एनबीसी या अमेरिकन वाहिनीने मालिका बंद केली. बंद पडण्याची चिन्हं आधीपासून होतीच. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरं वर्ष मिळालं, पण मिळालं ते शुक्रवारी रात्री दहा वाजता. ज्या तरुण पोरांच्या जिवावर मालिका चालायची, ती त्या वेळी घरात कशी सापडणार? वर खर्चाला कात्री. सुरुवातीच्या निवेदनात पाच वर्षांची मोहीम म्हणतात, ती तीन वर्षांतच गुंडाळली.

शिवाय गोष्टीला रीतसर शेवट करायची पद्धतच तेव्हा फारशी नव्हती. 'द फ्युजिटिव्ह'ने १९६७ मध्ये तो केला, तो अपवाद. बहुतेक मालिका नुसत्या थांबायच्या. भाग पुढे कुठल्याही क्रमाने पुन्हा दाखवता आले पाहिजेत, हा हिशोब. गंमत म्हणजे स्टार ट्रेकला खरं नाव मिळालं ते या पुनःप्रक्षेपणांमुळेच.

प्रक्षेपणाचंही नशीब बघा. हा भाग २८ मार्च १९६९ ला लागायचा होता. त्याच दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर वारले आणि तो मागे पडला. शेवटी ३ जूनला दाखवला. त्यानंतर ४७ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला! अंतराळाची मालिका बंद करायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

आता भागाबद्दल. जॅनिस लेस्टर नावाची शास्त्रज्ञ यंत्राच्या मदतीने एंटरप्राइझचा कप्तान कर्क याच्या शरीरात शिरते आणि त्याला स्वतःच्या शरीरात ढकलते. आपल्याकडे परकायाप्रवेश म्हणतात, तोच प्रकार. तिला जहाजाचं कप्तान व्हायचं असतं. सुरुवातीला ती कर्कला सुनावते की तुमच्या कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही, हा अन्याय आहे. कर्क म्हणतो, हो, आहे. इथे मी सावरून बसले होते. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, आणि त्याची शिक्षा तू मला दिलीस. संपलं! त्यापुढे ती चिडकी, उन्मादी, हुकूम सोडत सुटणारी. कप्तानाच्या रूपातली ही बाई बोलता बोलता नखं घासत बसते, म्हणजे ती बाई आहे हे आपल्याला कळावं. माझ्या लेकीने तिथेच विचारलं, "आई, हे विनोदी आहे का?" काय सांगणार? याच मालिकेच्या पहिल्या, नाकारल्या गेलेल्या पायलटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या भागात, जहाजावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. म्हणजे सुचत नव्हतं असं नाही.

तरी एक प्रसंग मला मनापासून आवडतो. बोळात जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी आणि डॉक्टर मॅकॉय कुजबुजत असतात. स्कॉटी सांगतो, कप्तानाला मी तापात पाहिलंय, आजारी पाहिलंय, झिंगलेला, घाबरलेला, संतापलेला पाहिलाय, पण असा हिस्टेरियाने लालबुंद झालेला कधीच नाही. तपासणीच्या यंत्रांचे पुरावे बाजूला ठेवून इतक्या वर्षांच्या सोबतीवर माणूस ओळखायचा. चुकून का होईना, ७९ भागांचं सार तेवढ्या एका संवादात आलंय. मग जहाज चालवणारे सुलू आणि चेकॉव्ह आपापल्या जागी बसून हुकूम पाळायचं नाकारतात. तेही छानच. पण तिथे संदेशवहन सांभाळणारी अधिकारी उहुरा नाही. शेवटच्या भागात ती कुठेच दिसत नाही. तिच्या जागेवर दुसरीच अधिकारी बसलेली आहे.

शेवटी कर्क अर्धवट वाक्य बोलतो, या बाईचं आयुष्य किती समृद्ध झालं असतं, जर... जर... आणि लिफ्टमध्ये शिरतो. बस.

तुम्हाला निरोप हवा असेल तर सहावा चित्रपट पाहा, 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री', डिसेंबर १९९१ चा. मालिकेचा जनक जीन रॉडेनबेरी त्याच्या जेमतेम दीड महिना आधी गेला होता. तिथे मंडळी खरोखरच निवृत्त व्हायला निघालेली असतात. परत यायचा आदेश येतो आणि ते सरळ धुडकावून आणखी एक फेरी मारायला निघतात. मग ताऱ्यांवर सातही कलाकारांच्या सह्या एकेक करून उमटतात. त्यात उहुरा झालेल्या निशेल निकोल्सचीही आहे.