खरबुजाचे घरचे बी चांगल्या प्रतीचे कसे धरावे आणि पुढच्या हंगामापर्यंत कसे टिकवावे?

आपण लिहिले आहे की गेल्या उन्हाळ्यात अतिशय गोड निघालेल्या खरबुजाचे बी आपण धुऊन, वाळवून डब्यात ठेवले. यंदा त्यातले निम्मेही उगवले नाही, आणि जे उगवले त्या वेलींची फळे फिकी व निरनिराळ्या आकारांची निघाली. साठवणीत काही चुकले का, असा आपला प्रश्न आहे. मी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचे बी दर उन्हाळ्यात स्वतः धरतो, त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. उगवण कमी होण्यामागे अपक्व फळ, चुकीची वाळवण किंवा साठवणीतला ओलावा असू शकतो. फळे वेगळी निघण्याचा मात्र साठवणीशी काहीही संबंध नाही; ते मागच्या हंगामात फूल उमलले त्या सकाळी, किंवा त्याही आधी बियाण्याचे पाकीट विकत घेतानाच ठरून गेलेले असते. बियाचा दर्जा वेलीवरच तयार होतो आणि साठवणीत तो फक्त राखता येतो, म्हणून मी शेतापासूनच सुरुवात करतो.

सर्वांत आधी मूळ बियाण्याचे पाकीट शोधून पाहावे. त्यावर 'संकरित' किंवा 'एफ१' असे छापलेले असेल, तर आपल्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर तिथेच मिळते. संकरित वाण हा दोन वेगळ्या पालक वाणांचा पहिल्या पिढीतील संकर असतो; त्याच्या फळातील बी पेरले की पुढच्या पिढीत त्या पालकांचे गुण निरनिराळ्या प्रकारे विखुरतात, आणि एकाच ओळीत जाळीदार, गुळगुळीत, गोल, लांबट अशी सगळी फळे दिसू लागतात. बी धरायचे असेल तर सरळ वाणच निवडावा. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे 'अर्का जीत' आणि 'अर्का राजहंस', दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा शरबती', पंजाबातला 'हरा मधु' आणि राजस्थानातला 'दुर्गापुरा मधु' हे असे वाण आहेत. शक्य असल्यास सुरुवातीचे बी संबंधित संस्थेकडूनच आणावे, कारण तिथे भेसळ असेल तर पुढचे सर्व कष्ट वाया जातात. घरचे बी धरणे कायद्यात बसते का, अशी शंका अनेकांना असते. वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे.

वाण सरळ असूनही फळे बिघडली असतील, तर परपरागीभवन झाले असे समजावे. खरबुजाचे परागीभवन मधमाशा करतात आणि त्या बांध ओळखत नाहीत. खरबुजाचा संकर खरबुजाच्या दुसऱ्या वाणाशी होतोच, शिवाय त्याच प्रजातीतील कोकणातले चिबूड, शेतात आपोआप उगवणारे शेंदाड आणि उत्तर भारतात 'ककडी' म्हणून विकली जाणारी लांब, बारीक फळे यांच्याशीही, फुलोरा एका वेळी आला तर, सहज होतो. आपली नेहमीची काकडी आणि कलिंगड या मात्र निराळ्या प्रजाती आहेत. शेजारी काकडी लावल्याने खरबूज फिके होते हा समज गावोगावी ऐकू येतो, पण त्याला आधार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: परक्या परागाचा परिणाम त्या वर्षीच्या फळाच्या गरावर दिसत नाही, तो बियात दडून राहतो आणि पुढच्या वर्षी प्रकट होतो. त्यामुळे आपण ज्याचे बी धरले ते फळ गोडच होते, हे खरे असूनही त्या बियाची शुद्धता त्यावरून सिद्ध होत नाही.

बियाणे प्रमाणीकरणाच्या मानकांप्रमाणे सरळ वाणांसाठी विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या शेतापासूनचे अंतर, प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर आणि ज्यापासून ते तयार करतात त्या पायाभूत बियाण्याला १००० मीटर ठेवावे लागते. ज्या गावात उन्हाळ्यात सगळीकडे खरबूज असते तिथे लहान शेतकऱ्याला एवढे अंतर मिळणे जवळजवळ अशक्य आहे. अशा ठिकाणी हाताने परागीभवन करणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि घरापुरते बी हवे असेल तर तो मुळीच अवघड नाही.

संध्याकाळी वेलींवरून फिरताना उद्या उमलणाऱ्या कळ्या ओळखू येतात, कारण त्यांची टोके पिवळी झालेली असतात पण पाकळ्या अजून मिटलेल्या असतात. नर कळीचा देठ सरळ व बारीक असतो. फळ धरणाऱ्या कळीच्या खाली बोराएवढे, बारीक लव असलेले हिरवे फळ आधीच दिसते. ही फुले मुख्य वेलीपेक्षा बाजूच्या फुटव्यांच्या पहिल्या पेरांवर अधिक येतात, म्हणून तिथे शोधावे. दोन्ही प्रकारच्या कळ्यांना त्याच संध्याकाळी बटर पेपरची छोटी पिशवी घालावी किंवा पाकळ्यांची टोके सुती दोऱ्याने हलकेच बांधावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापण्याआधी, साधारण नऊ वाजेपर्यंत, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सोलाव्यात आणि परागकोश (पराग असलेला मधला भाग) फळ धरणाऱ्या फुलाच्या चिकट कुक्षीवर (मधल्या टोकावर) सर्व बाजूंनी अलगद टेकवावेत. एका फुलासाठी दोन-तीन नर फुले वापरली तर बी भरपूर धरते. त्यानंतर पिशवी पुन्हा घालून देठाला रंगीत दोरा बांधावा. खरबुजाच्या बहुतेक भारतीय वाणांत फळ धरणारे फूल द्विलिंगी असते, म्हणजे त्यातही पराग असतात. पण ते पराग आपोआप कुक्षीवर पोचतीलच असे नाही, म्हणून हात लावावाच लागतो. अशी बरीच फुले गळतात. वेलीवर आधीच दुसरी फळे पोसत असतील तर गळ फार वाढते, त्यामुळे बियाण्यासाठी राखलेल्या वेलीवरची उघड्यावर धरलेली फळे मी निर्दयपणे काढून टाकतो. ज्यांच्याकडे क्रॉप कव्हर (पिकावर पांघरायचे पातळ कापड) आहे त्यांनी बियाण्याच्या ओळीवरचे कव्हर फुलोऱ्यात काढू नये. आतल्या आत हाताने परागीभवन करता येते आणि मधमाशीही शिरत नाही.

बी एकाच वेलीचे धरू नये. वाणाच्या वर्णनाशी जुळणाऱ्या, निरोगी, निदान आठ-दहा वेली निवडाव्यात. पान, फूल किंवा कोवळे फळ वेगळे दिसणारी वेल फुलोऱ्याआधीच उपटावी. मोझॅक या विषाणूजन्य रोगाने पाने आकसलेल्या, मर लागलेल्या किंवा खोडातून डिंक येणाऱ्या वेलीचे बी कितीही मोह झाला तरी घेऊ नये, कारण स्क्वॅश मोझॅक विषाणू, मर आणि डिंक्या (खोडातून डिंक येणारा रोग) हे रोग बियांतून पुढे जातात. कलिंगडात फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोगही बियांतूनच पसरतो. भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा रोग) बियांतून येत नाही, पण भुरीने पाने लवकर वाळलेल्या वेलीचे बी पोचट राहते.

उगवणीच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक फळाच्या पक्वतेमुळे पडतो, आणि नेमके इथेच बहुतेकांचे बी बिघडते. बाजारासाठी फळ थोडे आधी तोडले जाते. बियाण्यासाठी ते वेलीवरच पूर्ण पिकू द्यावे. देठाभोवती गोल भेग पडते, सुगंध सुटतो आणि फळ हात लावताच देठापासून सुटते, ती खरी वेळ. त्यानंतरही फळ सावलीत तीन-चार दिवस ठेवावे, कारण या दिवसांत बी फळाच्या आत आणखी भरते. त्याहून फार जास्त ठेवल्यास फळ सडते आणि कधी कधी आतच बियांना कोंब येतात. कलिंगडात देठाजवळची बाळी (वेलीचा कुरळा तंतू) वाळणे आणि जमिनीला टेकलेला पांढरा भाग पिवळा होणे या खुणा पाहाव्यात. फळ कापल्यावर आधी चव घ्यावी; फिक्या फळाचे बी बाजूला काढावे.

खरबुजाच्या बियांभोवती चिकट पातळ आवरण असते. गर आणि बी चमच्याने काढून प्लॅस्टिकच्या बादलीत, पाणी न घालता, सावलीत झाकून ठेवावे आणि दिवसातून दोन वेळा ढवळावे. एप्रिलच्या उष्णतेत २४ तासांत वर पांढरा फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि चोळल्यावर बी बोटांतून न निसटता किंचित खरखरीत लागते. तसे झाले की लगेच भरपूर पाण्यात धुवावे. दोन दिवसांपलीकडे आंबवल्यास उगवण घटते. जड बी तळाला बसते, पोचट बी आणि गर वर तरंगतो, तो ओतून द्यावा. कलिंगडाचे बी आंबवण्याची गरज नसते, चोळून धुतले तरी पुरते.

ओले बी नायलॉनच्या जाळीवर एकेरी थरात, पहिला दिवस वाऱ्याच्या सावलीत आणि नंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवावे. पत्रा, काँक्रीट किंवा फरशीवर दुपारच्या उन्हात ते कधीही पसरू नये. ओल्या बियाला ३५ अंशांवरची उष्णता सोसत नाही. वाळलेले बी दोन बोटांत वाकवल्यावर कट्कन मोडले पाहिजे. नुसते वाकले तर ओलावा बाकी आहे. खरबुजाच्या बियाण्यासाठी मानकांत कमाल ७ टक्के ओलावा आणि हवाबंद वेष्टनासाठी ६ टक्के ओलावा ठरवलेला आहे. हवाबंद डब्याची अट अधिक कडक असण्याचे कारण असे की ओले बी आत अडकले तर उघड्यावरच्या बियापेक्षा ते लवकर मरते. निव्वळ 'डबा घट्ट बंद केला' एवढ्याने साठवण चांगली होत नाही.

मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की बी या मर्यादेपर्यंत आपोआप वाळते, आणि हा मोठा फायदा आहे. पण तेच बी कापडी पिशवीत ठेवले तर मृगानंतर ते हवेतील ओलावा पुन्हा शोषून घेते आणि दिवाळीपर्यंत अर्धे मेलेले असते. आपल्या पहिल्या तक्रारीमागे हेच असण्याची शक्यता मला सर्वांत अधिक वाटते. पाऊस सुरू होण्याआधी बी रबरी कड असलेल्या काचेच्या बरणीत भरावे आणि शंका असल्यास आठवडाभर बियाइतक्याच वजनाची, ओलावा शोषणारी सिलिका जेल कापडी पुडीत बांधून सोबत ठेवावी. कोकणात ही पायरी कोणत्याही हंगामात वगळू नये. पातळ प्लॅस्टिकची पिशवी बाष्प अडवत नाही.

जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने सांगितलेला ठोकताळा इथे फार उपयोगी पडतो: ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान बियातील ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा तापमान सुमारे ५ अंशांनी उतरवले, की बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि दोन्ही परिणामांचा गुणाकार होतो. त्यामुळे नीट वाळलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर खरबुजाचे बी पाच वर्षेही चांगले राहू शकते. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड बियांवर दव धरते.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी १०० बिया ओल्या कापडात किंवा कागदात गुंडाळून २५ ते ३० अंशांच्या उबदार जागी ठेवाव्यात आणि आठव्या दिवशी धडधाकट कोंब मोजावेत. मानकाप्रमाणे किमान ६० टक्के उगवण पुरेशी आहे; माझ्या मते घरच्या काळजीपूर्वक धरलेल्या बियाची ८० टक्क्यांच्या खाली येऊ नये. ६० ते ८० च्या दरम्यान आली तर प्रत्येक आळ्यात एक बी जास्त टाकावे, आणि ६० च्याही खाली गेली तर ते बी पेरणीसाठी न वापरता वेळेत दुसऱ्या बियाण्याची सोय करावी.