घोड्यावरून पडलेली मुलगी पुन्हा बसायला तयार नाही

“मॅडम, पडली तेव्हाच तिला परत घोडीवर बसवायला हवं होतं का? सगळे तेच म्हणतात. आता सहा आठवडे झाले, रिकिबीत पाय ठेवायला तयार नाही.”

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हे वडील अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. (कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुण्यातल्या एका क्लबमध्ये ती वर्षभर घोडेस्वारी शिकत होती. आजोबांचा मिरजेत टांगा होता. वडिलांचं लहानपण दाणावैरण करण्यात गेलं आणि शाळेत ‘टांगेवाल्याचा पोरगा’ म्हणून त्यांना चिडवलंही जायचं. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजचं (स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरावीक चाली दाखवायची स्पर्धा) सांघिक सुवर्ण जिंकलं. अश्वारोहणातलं आपलं आशियाई सुवर्ण १९८२ नंतर थेट तेव्हाच आलं. टीव्हीवर ते बघून मुलगी म्हणाली, “बाबा, मलापण शिकायचंय.” त्यांनी दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला. त्यामुळे तिचं ‘नाही’ त्यांना फार आत कुठेतरी लागलं होतं. तीन महिन्यांच्या आगाऊ फीचा विषय त्यांनी एकदाच काढला आणि लगेच सोडून दिला.

आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो अनेकांचा आहे. पडल्याबरोबर मुलाला परत घोड्यावर चढवायची घाई करू नका. डोक्याला मार लागला असेल तर ते धोक्याचं असतं. मूल सुरुवातीला ठीक दिसतं. गुंगी, उलटी, डोकेदुखी नंतरही सुरू होऊ शकते. अशा वेळी त्या दिवशीची स्वारी संपली, आधी डॉक्टर. हेल्मेट आपटलं असेल तर तेही बदला. आतला थर एकदा दबला की दुसऱ्या वेळी तो डोकं वाचवेलच असं नाही, बाहेरून तडा दिसत नसला तरी. या मुलीचं हेल्मेट जमिनीवर चांगलंच आपटलं होतं आणि अजून तेच वापरात होतं. त्या दिवशी मी सांगितलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट बहुधा तीच.

पुढे मात्र मी चुकले.

मी धरून चालले की तिला पडण्याची भीती बसली आहे. भीतीवर आम्ही नेहमी पायरीपायरीने काम करतो, तसंच ठरवलं. पहिल्या रविवारी फक्त कुंपणापाशी उभं राहायचं, मग जवळ जायचं, हात लावायचा, गाजर द्यायचं, मग कुणीतरी घोडी धरून ठेवलेली असताना नुसतं बसायचं. घोडीचं नाव चांदणी. पहिल्या चार पायऱ्या या मुलीने एकाच रविवारी पार केल्या. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांकडून ब्रश मागून घेतला आणि तासभर खरारा केला. मान, पाठ, पोटाखालून, मागच्या मांड्यांपर्यंत. खूर उचलून आत अडकलेली माती काढली. वडिलांनी आनंदाने फोन केला. मीही वहीत ‘उत्तम प्रगती’ असं लिहिलं.

ती नोंद आज वाचताना वाईट वाटतं. घोड्याला घाबरणारं मूल त्याच्या पोटाखाली वाकत नाही. मागच्या पायापाशी तर मुळीच जात नाही. उत्तर माझ्यासमोर होतं आणि मी त्याला प्रगती समजले.

पुढच्या रविवारी बसायची वेळ आली तेव्हा तिचे हात गार पडले. ती घरी आली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. त्यानंतरच्या भेटीत मी पायऱ्यांचा विषयच काढला नाही. चांदणीबद्दल विचारलं: ती काय खाते, कशाला बुजते, तिला कुठे खाजवलेलं आवडतं. मुलगी भरभरून बोलत होती आणि बोलता बोलता तिने मला विचारलं, “मी बसलेच नाही तर मी पडणार नाही. मग तिला कोण मारेल?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी दुडकी चालीत असताना कुंपणावर अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडली. चांदणी एकदम बाजूला उडाली. “मी घाबरून लगाम ओढला. तिच्या तोंडात लोखंड असतं ना? तिला दुखत होतं तरी मी ओढतच राहिले. मग मी पडले. सगळे माझ्याकडे धावले. सरांनी तिला चाबकाने तीनदा मारलं. चूक माझी होती, आणि मार तिला बसला.”

इतके आठवडे हे मूल एकटं हे सांभाळत होतं. घरी सांगितलं तर बाबा क्लब सोडायला लावतील आणि चांदणी तिथेच राहील, ही दुसरी भीती. म्हणून ‘मला भीती वाटते’ हे मोठ्यांना पटणारं कारण तिने पुढे केलं होतं.

मी तिला ‘तुझी काही चूक नाही’ असं म्हटलं नाही. लगाम तिने ओढला होता, तिला ते माहीत होतं. घोडा कसा असतो ते मी तिला सांगितलं. तो शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं तेवढं दिसत नाही. काही हललं की आधी पळायचं, विचार नंतर. पिशवीला बुजणं हा चांदणीचा हट्ट नव्हता. आणि घोडा जे शिकतो ते त्याच क्षणाला जोडून शिकतो. काही वेळाने पडलेला चाबूक कशासाठी, हे त्याला कळत नाही. फक्त माणूस जवळ आला की दुखतं, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. ती एकटक ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे सरांना हे माहीत नाही?”

आईवडिलांना हे तिच्या समोर, तिच्याच शब्दांत कळायला हवं होतं. आईने तिला जवळ घेतलं. वडील बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “पण मॅडम, जनावराला थोडं असं करावंच लागतं. आमचे अण्णासुद्धा...” आणि वाक्य अर्धवट सोडलं. मी त्यांना टोकियो ऑलिंपिकची आठवण करून दिली. ऑगस्ट २०२१, मॉडर्न पेंटॅथलॉन, म्हणजे पाच खेळांची एकत्रित स्पर्धा, त्यातला एक घोडेस्वारी. जर्मनीची खेळाडू रडत होती, घोडा उडी मारायला तयार नव्हता, आणि प्रशिक्षिकेने कुंपणाजवळून घोड्याला बुक्की मारली. त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. पुढे पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळायचं ठरलं. मोठ्यांच्या जगातही हे चालवून घेतलं जात नाही, हे त्यांनी ऐकावं असं मला मनापासून वाटत होतं.

क्लब बदलणं सोपं होतं. पण मग चांदणीचं काय, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांनी बॅचमधल्या आणखी तीन पालकांना सोबत घेतलं आणि ते व्यवस्थापकांना भेटले. मूल पडल्यावर घोड्याला मारायचं नाही, मुलांच्या तासाला चाबूक फक्त शिकवणाऱ्याकडे आणि तोही इशाऱ्यापुरता, हे मान्य झालं. पालकांना मी नेहमी सांगते, प्रवेश घेताना हेल्मेटचा पट्टा आणि टाचेचे बूट बघाच (टाच नसली तर पाय रिकिबीत आरपार घुसतो), पण एक प्रश्न जरूर विचारा: घोडा ऐकत नाही तेव्हा तुम्ही काय करता?

प्रशिक्षक स्वतःहून मुलीशी बोलायला तयार झाले, याची मला अपेक्षा नव्हती. ते तबेल्यातच तिच्यासमोर उकिडवे बसले. “बेटा, तू पडलीस तेव्हा मी फार घाबरलो. तुला काही झालं असतं तर? तो राग मी चांदणीवर काढला. चूक तिची नव्हती. तुझीही नव्हती, तुला लगाम सोडायला मी नीट शिकवलंच नव्हतं. ती माझी चूक.” माझ्या चार भेटींनी जे झालं नव्हतं ते या काही वाक्यांनी झालं. मोठ्या माणसाने मुलाजवळ आपली चूक कबूल करावी, याला दुसरा उपाय मला तरी अजून सापडलेला नाही.

त्यानंतरही ती दोन महिने बसली नाही. रविवारी सात वाजता जायची, खरारा करायची, तोबरा बांधायला मदत करायची. वडिलांनी एकदाही विचारलं नाही, आणि ते त्यांना किती जड गेलं हे मला माहीत आहे.

गणपतीनंतर तिनेच सरांना सांगितलं, मी बसते, पण लगाम मला नको. सरांनी चांदणीला लांब दोरीवर घेतलं आणि गोल फिरवलं. मुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. आधी हातांशिवाय मांड पक्की करायची, म्हणजे तोल गेला तरी चांदणीचं तोंड ओढलं जाणार नाही, असं तिने वडिलांना समजावलं. लगाम तिने अजून हातात घेतलेला नाही.