येरवड्याहून टेक्सासच्या काउंटी जेलमध्ये यायचं म्हणतेस तर

प्राजक्ता, सासऱ्यांनी भरलेल्या अर्जावर तुमच्या दोघांचं ग्रीन कार्ड वर्षभरात होईल असं तू लिहिलंस. येरवड्याच्या महिला कारागृहात तू शिपाई आहेस, म्हणून ह्यूस्टनला उतरल्यावर लगेच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये लागता येईल का, आणि काम तिथल्यासारखंच असतं का, हे विचारलंस. मी इथे तेच काम करते, म्हणून सांगते, लगेच लागता येणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा लांबेल.

टेक्सासमध्ये काउंटी जेलरला राज्याचा परवाना लागतो आणि तो अमेरिकन नागरिकालाच मिळतो. ग्रीन कार्डवाल्यांत अपवाद फक्त अमेरिकी सैन्यात नोकरी करून मानाने बाहेर पडलेल्यांचा. म्हणजे तुला आधी ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढायची, मग नागरिकत्व, मग अर्ज. (पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो, ते दिवस फुकट घालवू नकोस.) प्रत्येक राज्याचं निराळं असतं. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून पोलीस अधिकाऱ्यांसाठी नागरिकत्वाची अट काढून टाकली. पण तुमचं घर ह्यूस्टनला होणार, तेव्हा टेक्सासचंच बोलते.

मधल्या पाच वर्षांसाठी एक वाट आहे. काउंटीचं जेल वेगळं आणि राज्याचे तुरुंग वेगळे. शिक्षा झालेले मोठ्या गुन्ह्यांचे कैदी राज्याच्या तुरुंगात जातात, आणि तिथे कायदेशीर काम करायचा परवाना असलेला परदेशी माणूसही अधिकारी म्हणून लागू शकतो. त्या खात्याचं मुख्यालय हंट्सव्हिलला, ह्यूस्टनच्या उत्तरेला गाडीने सव्वा-दीड तासावर. माणसं तिथे कायम कमी असतात, कारण उन्हाळा. काउंटी जेलला तापमान ६५ ते ८५ फॅरनहाइटमध्ये, म्हणजे साधारण १८ ते २९ सेल्सिअसमध्ये ठेवायचं राज्याचं बंधन आहे. राज्याने स्वतःच्या तुरुंगांना हे बंधन लावलेलं नाही. तिथल्या बहुतेक इमारतींत कैद्यांच्या भागात पूर्ण वातानुकूलन नाही, आणि तू उभी राहणार ती त्याच भागात. विदर्भातली असतीस तर काही बोलले नसते.

काउंटीच्या भरतीत तुझ्या अनुभवाला भाव आहे, पण तो कागदावर दाखवावा लागतो. बारावीच्या गुणपत्रिकेचं इथल्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. बोटांचे ठसे, ड्रग चाचणी, डॉक्टरची आणि मानसशास्त्रज्ञाची तपासणी, आणि पार्श्वभूमीची चौकशी. चौकशी करणारे जुने पत्ते, जुने साहेब, कर्ज, सगळं उकरतात. तिकडची पोलीस पडताळणी आणि खात्याचं अनुभवपत्र निघण्यापूर्वीच हातात घे, इथून मागवायला गेलीस की कुणी दाद देत नाही. इथे आल्यावर गाडी मिळाली की एक पथ्य पाळ. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदा दोषी ठरलीस की दहा वर्षं जेलरचा परवाना विसर. निवड झाली की तात्पुरत्या परवान्यावर काम सुरू होतं आणि वर्षाच्या आत अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण करायची. ती परीक्षा तुला जड जाणार नाही.

आता काम. आतली माणसं तुला ओळखीची वाटतील. तिकडे चारांतले तीन बंदी कच्चे कैदी असतात, इथल्या काउंटी जेलांतही दहातले सातेक जण खटला व्हायचा म्हणूनच बसलेले असतात. कुणाकडे जामिनाला पैसे नाहीत, कुणाला काल रात्रीच रस्त्यावरून उचललंय. उरलेले बरेचसे छोट्या गुन्ह्याची वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे. त्यामुळे माणसं सारखी बदलतात. पक्क्या कैद्याशी वर्षानुवर्षांत जमतो तसा हिशेब इथे कुणाशी जमत नाही.

फरक पडतो तो एकटेपणात. राज्याचा नियम ४८ कैद्यांमागे एक अधिकारी. पॉडमध्ये, म्हणजे मधे हॉल आणि भोवती खोल्या अशा भागात, तू आणि ते. अंगावर रेडिओ आणि मिरपुडीचा फवारा, बंदूक आत न्यायचीच नाही. आणि बाई म्हणून फक्त बायकांकडे ड्युटी मिळेल असं धरून चालू नकोस. आमच्या काउंटीत बायका पुरुषांच्या पॉडमध्ये सर्रास लागतात, मीही लागते. पुरुष अधिकाऱ्याने बाईची झडती घ्यायची नाही, हा केंद्राचा नियम आहे, पण आपण पुरुषांची कपड्यांवरून घ्यायची. पहिले काही दिवस शेरेबाजी होते. नाव न विसरता रिपोर्ट लिहिणारी बाई आहे हे पॉडला कळलं की ती कमी होते. ओरडण्याने वाढते.

तिकडे बराकीतला वॉर्डर कैदी तुझे निम्मे डोळे असतो. टेक्सासच्या तुरुंगांतही कैद्यांकडून कैदी सांभाळायची पद्धत होती. डेव्हिड रुईझ नावाच्या कैद्याने १९७२ मध्ये केलेल्या दाव्यात १९८० साली न्यायालयाने राज्याविरुद्ध निकाल दिला आणि ती मोडीत निघाली. काउंटीतही इथे ट्रस्टी, म्हणजे कामाला लावलेले कैदी, असतात, पण ते जेवण वाटतात आणि लादी पुसतात, दुसऱ्या कैद्यावर त्यांचा शब्द चालत नाही. चालू दिलास तर नोकरी तुझी जाते.

आणि मग फेरी. दर ६० मिनिटांच्या आत प्रत्येक माणूस प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचा. मारामारी करणारे, मनोरुग्ण, जिवाचं बरंवाईट करतील असे वाटणारे, यांच्याकडे ३० मिनिटांच्या आत. बघायचं म्हणजे चादरीखाली श्वास चालू आहे हे बघायचं. आमच्या साऱ्या प्रशिक्षणात सँड्रा ब्लँडचं नाव येतं. २८ वर्षांची बाई, जुलै २०१५ मध्ये गाडीचा इशारा न देता लेन बदलली म्हणून थांबवली, वाद वाढला, अटक झाली, आणि तीन दिवसांनी वॉलर काउंटीच्या जेलमध्ये गळफास घेतलेली सापडली. पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं तिने आत येतानाच सांगितलं होतं. तासाची प्रत्यक्ष फेरी झाली नाही आणि प्रशिक्षण अपुरं होतं, असा ठपका राज्याच्या जेल आयोगाने ठेवला. तिच्या नावाचा कायदा २०१७ मध्ये आला. तेव्हापासून फेऱ्यांची वेळ यंत्रात नोंदली जाते आणि जेलरला मानसिक आरोग्याचं आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. बसल्या जागी रजिस्टर भरायची सवय कुणाकडून लागली असेल तर ती मुंबईच्या विमानतळावर टाकून ये. इथे तो फौजदारी गुन्हा आहे.

मारामारीपेक्षा मला भीती वाटते ती नुकत्या आत आलेल्यांची. दारू एकदम सुटलेला माणूस दोन-तीन दिवसांत थरथरायला लागतो, झटके येऊन जाऊही शकतो. फेंटॅनिल नावाचं जहाल ड्रग घेतलेली बाई बसल्या जागी निळी पडते, म्हणून ते उतरवणारा, नाकात मारायचा नार्कनचा फवारा हाताशी लागतो. नर्स लांब असते, पहिली मिनिटं आपली असतात.

बायकांच्या पॉडमध्ये तुला एक गोष्ट फार खटकेल, आधीच सांगते. येरवड्यात सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहतं. इथे काउंटी जेलमध्ये मूल आत येत नाही. बाळंतीण हॉस्पिटलातून रिकाम्या हाताने परत येते, आणि तिची दर अर्ध्या तासाची फेरी बहुतेक वेळा तुझ्या वाट्याला येते. तिकडची पद्धत बरी की इकडची यावर मी नर्सबाईंशी नेहमी भांडते. मला तिकडची बरी वाटते.

पैशाचं थोडक्यात. देशभरात या कामाचा मधला पगार २०२३ मध्ये वर्षाला सुमारे ५३,००० डॉलर होता, काउंटीप्रमाणे बराच खालीवर. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. पेन्शनसाठी पगारातून कापलेल्या रकमेवर कायद्याने ७ टक्के व्याज मिळतं. पाळी १२ तासांची, आणि बदली आली नाही तर घरी जायला मिळत नाही. ओव्हरटाइमची मेखही बघून ठेव, कारण या नोकरीत काउंटीला २८ दिवसांत १७१ तासांनंतरच तो द्यायची मुभा आहे. मुलं शाळेत जाणारी असतील तर नवऱ्याशी या पाळ्यांचं आताच बोल. आणि स्टीलचा डबा आणू नकोस, आमच्या गेटवर पारदर्शक पिशवी आणि प्लॅस्टिकच लागतं. भाकरी काही प्लॅस्टिकमध्ये नीट राहत नाही.

स्पॅनिश शिकायला आजपासून लाग. पॉडमधलं निम्मं बोलणं त्यात चालतं. येरवड्याचा राजीनामा पासपोर्टवर व्हिसा उमटल्याशिवाय देऊ नकोस. आणि सासरे नक्की कुठल्या काउंटीत राहतात ते कळव. भोवतालच्या काउंट्यांचे पगार, पाळ्या आणि भरतीच्या अटी वेगवेगळ्या आहेत, त्यावरून कुठे अर्ज करायचा ते सांगेन.