मे महिन्यातला मोटारसायकल मेळावा

प्रश्न : मी ५४ वर्षांचा आहे. आमच्या मोटारसायकल ग्रुपने मेच्या मध्यावर सोलापूरजवळ भरणाऱ्या एका मेळाव्याला जायचे ठरवले आहे. सकाळी ८ वाजता हडपसरला जमायचे, नाश्ता आणि फोटो झाल्यावर साडेनऊला झेंडा दाखवून निघायचे, दुपारी ३ पर्यंत पोहोचायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत निघायचे, असा बेत आहे. घरच्यांचा विरोध आहे. मित्र म्हणतात, अमेरिकेत ऐन उन्हाळ्यात हजारो लोक मोटारसायकलवरून मेळाव्यांना जातात, मग आपणच का घाबरायचे? माझी गाडी ३५० सीसीची बुलेट असून मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. जावे की नाही? आणि गेलोच, तर एवढ्या उन्हात जॅकेट घालायचे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : आपण अवश्य जावे, परंतु ग्रुपने आखलेल्या वेळापत्रकाने जाऊ नये. घरच्यांचा विरोध बहुधा उन्हाला असावा, आणि तो रास्त आहे. पण पुणे-सोलापूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर बहुतांशी ऊन टाळून कापता येते.

अमेरिकेच्या दाखल्याबद्दल आधी थोडे. साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस येथे १९३८ पासून भरणारा प्रसिद्ध मेळावा ऑगस्टमध्ये असतो हे खरे. पण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असते, त्यामुळे मोटारसायकलवाल्यांना उन्हाळाच सोयीचा. आपल्याकडे गणित नेमके उलटे आहे आणि म्हणूनच इथले मोठे मेळावे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतात. तेव्हा तो दाखला मित्रांना साभार परत करावा.

आता वेळापत्रक. दिवसाचे कमाल तापमान साधारण दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान नोंदले जाते. साडेनऊला हडपसर सोडणारा ग्रुप, वाटेतले थांबे धरून, भर दुपारी इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या पट्ट्यात असेल. म्हणजे जसजसे ऊन चढेल तसतसे आपण पुण्याहून अधिक तापणाऱ्या प्रदेशात शिरत जाल. हवामान खात्याच्या शिवाजीनगरमधील ज्या कचेरीला पुणेकर अजूनही शिमला ऑफिस म्हणतात, तेथून किंवा अन्य केंद्रांतून जाहीर होणारा आकडा हा सावलीतल्या, हवा खेळती असणाऱ्या पेटीतल्या तापमापकाचा असतो, हेही ध्यानात घ्यावे. तापलेल्या डांबरावर, ट्रकच्या मागे, दोन पायांमध्ये हवेने थंड होणारे इंजिन घेऊन बसलेल्या माणसाच्या वाट्याला त्याहून बरेच अधिक येते.

हे इंजिन थंड राहते ते गाडी पळत असताना अंगावरून जाणाऱ्या वाऱ्यामुळे. आणि आपल्या मेळाव्यांची रीत अशी, की सगळ्यांनी एका ओळीत गाड्या चालू ठेवून, हेल्मेट-जॅकेट चढवून, पाहुण्यांच्या भाषणाची वाट पाहत उभे राहायचे. उन्हाचा त्रास झालेली माणसे वेगात असताना क्वचितच कोसळतात. ती अशा खोळंब्यात, टोलनाक्याच्या गर्दीत किंवा पोहोचल्यावर पार्किंगमध्ये कोसळतात. झेंडा दाखवायचाच असेल तर पहाटे दाखवावा, आणि त्या वेळी उठायला पाहुणे तयार नसतील तर पाहुण्यांवाचून निघावे.

पुण्याचे एक भाग्य असे, की मे महिन्यातही पहाट बहुधा सुखद असते. मेच्या मध्यावर सूर्य साधारण सहाला उगवतो. आपण ५ वाजता हडपसर सोडलेत तर पहिला तास अंधुक उजेडात जाईल, म्हणून हेल्मेटची काच पारदर्शक असावी. काळी काच हवीच असेल तर ती सोबत ठेवून भिगवणला बदलावी. तेथवरचे १०० किलोमीटर सातच्या सुमारास संपतात. पुढे दर तासाला थांबूनही साडेदहापर्यंत सोलापूर येते, आणि दुपार पंख्याखाली काढता येते. ग्रुप ऐकत नसेल तर दोन-तीन समविचारी मित्रांसह पुढे निघावे आणि मेळाव्याच्या जागी सर्वांना भेटावे.

संध्याकाळी परतण्याचा बेत मात्र आम्हाला सकाळच्या बेताहूनही अधिक खटकतो. सोलापूरहून पुण्याकडे येणारा रस्ता वायव्य-पश्चिम दिशेचा आहे आणि मे महिन्यात सूर्यही जवळपास त्याच दिशेला मावळतो, त्यामुळे शेवटचे दोन तास तो थेट डोळ्यांत येतो. त्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस गाठण्याची शक्यता असते. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींत निसरडी होते, विजा चमकत असताना झाडाखाली थांबता येत नाही, आणि गारव्याने सुखावलेला चालक नेमका तेव्हाच वेग वाढवतो. मेळाव्याची दुसरी रात्रही तिथेच काढून पहाटे निघावे. सूर्य पाठीशी राहील. रात्री मद्यपान केल्यास शरीरातले पाणी घटते, म्हणून पहाटे निघणाऱ्याने त्यापासून दूर राहावे.

जॅकेटविषयीचा आपला प्रश्न अनेकांना पडतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगावर येणारा वारा शरीरातली उष्णता घेऊन जातो. हवा ३९ किंवा ४० अंशांवर गेली की तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो, आणि मग शरीराजवळ घामाचे बाष्पीभवन एवढा एकच उपाय उरतो. कोरड्या हवेत, ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने, उघड्या दंडावरचा घाम इतक्या झटकन उडतो की आपल्याला घाम येतो आहे हेच कळत नाही. टी-शर्टवर जाणारा माणूस ‘मला काही उकडत नाही’ असे म्हणत म्हणत शोष पडून घेतो. पुण्यातल्या स्कूटरवर सनकोट, स्कार्फ आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून जाणाऱ्या मुलींची थट्टा करणाऱ्यांनी हे शास्त्र एकदा समजून घ्यावे. आपण जाळीदार कापडाचे, खांदा, कोपर आणि पाठीला संरक्षक पॅड असलेले, फिकट रंगाचे जॅकेट घ्यावे. आत सुती बनियन असावा आणि प्रत्येक थांब्यावर तो पाण्याने ओला करावा. जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने पुढचा बराच वेळ अंग थंड राहते. हा उपाय सोलापूरच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, कोकणच्या दमट हवेत फारसा चालत नाही; म्हणून अलिबागकडचे ३४ अंश सोलापूरच्या ३९ अंशांहून जाचक वाटू शकतात. हेल्मेट कोणत्याही तापमानात काढायचे नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पाणी तहान लागण्याआधी, दर थांब्यावर थोडे थोडे प्यावे. नुसतेच पाणी ढोसल्याने घामावाटे गेलेले क्षार भरून निघत नाहीत. ताक, लिंबू सरबत किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी, तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळून, उपयोगी पडते. मात्र आपल्या बाबतीत येथे एक अडचण आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाची गती मंद ठेवतात, आणि दोन्ही प्रकारांत उन्हाचा ताण सोसण्याची शरीराची क्षमता घटते. शिवाय जादा मीठ आपल्याला चालेल की नाही हा प्रश्न उरतोच. तेव्हा गोळीचे नाव आणि प्रवासाचा बेत दोन्ही आपल्या डॉक्टरांना सांगावे, आणि त्यांनी नको म्हटले तर हा मेळावा सोडावा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून निघणे हा पर्याय नाही.

सोबत्यांपैकी कोणाला चक्कर, डोकेदुखी, मळमळ किंवा पायात गोळे जाणवले तर त्याने तेथेच थांबावे. तो असंबद्ध बोलू लागला, रस्ता चुकू लागला किंवा चिडचिडा झाला, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन हेल्मेट-जॅकेट उतरवावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मानेला आणि काखेत बर्फ लावावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवावी, असे आमच्याकडचे पंक्चरवाले सांगतात. हे बरोबर आहे का? नायट्रोजन भरण्याचा काही फायदा होतो का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बरोबर नाही. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि त्या घुसळणीनेच अधिक तापतो, त्यामुळे फुटण्याचा धोका उलट वाढतो. कंपनीने दिलेला आकडा हा थंड टायरचा असतो आणि धावताना दाब वाढणार हे त्यात गृहीत धरलेले असते. डबलसीट जाताना मागच्या टायरसाठी दिलेला वेगळा आकडा पाळावा. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यासाठी जादा पैसे मोजण्याइतका फरक आम्हाला दिसत नाही. त्यापेक्षा टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत : २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे, आणि इतक्या जुन्या टायरला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षी शिल्लक असली तरी तो बदलावा. हवा तपासायला घराजवळचाच पंप निवडावा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी पळवून मग तपासल्यास आकडा वाढलेला दिसेल आणि आपण चांगली हवा विनाकारण सोडून द्याल.