नुसत्या जबड्यावरून नाव देऊ नकोस

अगं, लांब निमुळता जबडा दिसला की लगेच सुसरीचा पूर्वज ठरवू नकोस. मासे धरणाऱ्या कितीतरी वेगळ्या कुळांत तो आलाय. आधी नाकपुड्या बघ: फायटोसॉरच्या (मगरीसारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला प्राचीन सरपटणारा प्राणी) डोळ्यांजवळ, मगरीच्या थेट टोकाला. जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरनं १८८५ मध्ये एका फायटोसॉरला 'पॅरासुकस हिस्लोपी' हे नाव जबड्याच्या तुकड्यावर दिलं. तीच ठेवण पुढे इतर फायटोसॉरांतही दिसली, म्हणजे तेवढ्यावरून ओळख पटेना. अखेर २००३ मध्ये अख्खा सांगाडा नवा आधार-नमुना (ज्यावर प्रजातीचं नाव टिकतं तो) म्हणून मान्य झाला.

आपल्याकडे कोकणात जांभा नि काळा कातळ, तिथं अशी हाडं शोधत फिरू नकोस. त्यापेक्षा ओहोटीला चिपळुणात वाशिष्ठीकाठी दुर्बीण घेऊन जा, मगरी लांबूनच बघ. पिल्लाचा जबडा अरुंद, थोराड मगरीचा रुंद, खडबडीत. जात एकच! वयाच्या फरकाला मीही एकदा वेगळी प्रजाती समजलो होतो.