सामा लोकांच्या पारंपरिक पोशाखात नक्षीचं कापड कोणतं असतं आणि ते कसं वापरतात?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'कुठले सामा?' यावर ठरतं. दक्षिण फिलिपिन्स, मलेशियाचं साबा राज्य आणि पूर्व इंडोनेशिया एवढ्या पट्ट्यात हे लोक पसरलेत. कुणी पिढ्यान्‌पिढ्या होडीत राहिले, कुणी जमिनीवर स्थिरावले.

मला सगळ्यात आवडतं ते साबातल्या कोटा बेलुदचं दस्तार. तिथले सामा, म्हणजे बजाऊ, घोडेस्वार म्हणून नावाजलेले. समारंभात डोक्याला दस्तार बांधूनच घोड्यावर बसतात. हे चौकोनी कापड तिथल्या बजाऊ आणि शेजारच्या इरानुन समाजाच्या बायका विणतात. बाई जमिनीवर पाय पसरून बसते. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक समोर पक्कं बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेमागच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा कसतो, पुढे झुकली की सैल पडतो! काळ्या पोतावरचे रंगीत चौकोन आणि कोन छापलेले नसतात; नेहमीच्या बाण्यासोबत, म्हणजे आडव्या धाग्यासोबत, जादा रंगीत धागा मोजून मोजून घातलेला असतो. आपल्याकडे हातमागावर बुट्टे काढतात तसंच.

पण नुसती नक्षी बघून 'हा सामा' असं ठरवू नका. साबातले कदाझान-दुसूनही दस्तार डोक्याला बांधतात, फक्त घडी घालायची तऱ्हा निराळी. ओळखायचं ते बांधणीवरून.

फिलिपिन्समधल्या बासिलान बेटावरच्या याकान लोकांची भाषा सामा कुळातलीच. त्यांचा पोशाख तर नखशिखांत विणलेला: पुरुषांच्या तंग विजारी, बायकांचं कमरेभोवतीचं ओलोस, वर सापुतांगान हा चौकोनी रुमाल. १९७० च्या दशकातल्या संघर्षात बरीच कुटुंबं जवळच्या झाम्बोआंगा शहरात गेली आणि माग तिथे सुरू झाले. बासिलानमधल्या लामितानच्या विणकर अंबालांग औसालिन यांना २०१६ मध्ये फिलिपिन्स सरकारने पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान दिला.

समुद्रावरच्या सामांच्या अंगावर मात्र बहुतेक विकतचं कापड, बाटिकचे सारोंग वगैरे. त्यांच्या हातची नक्षी बघायची तर चटई बघा. दक्षिण फिलिपिन्समधल्या तावी-तावीच्या हाजा अमिना अप्पी केवड्याच्या कुळातल्या पानांच्या पट्ट्या स्वतः रंगवून चटया विणायच्या. २००४ मध्ये तोच सन्मान त्यांनाही मिळाला. माझ्या मते, तुम्ही कापडात जे शोधताय ते इथे जास्त सापडेल.